चांदबी डोंगरात गेली ते वर्ष

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की माय ज्वारीच्या कण्यांचं एक गाडगं बाजूला काढून ठेवायची. घरात कुणी त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे पाहुणे बरेच येत. नानांची बहीण, मायचे भाऊ, बैल बघायला आलेले व्यापारी. पण त्यांच्यासाठी आधीपासून काही राखून ठेवल्याचं मला आठवत नाही. ते गाडगं अस्वलाचं होतं.

आमचं घर सोनाळ्यात. मळा गावाच्या उत्तरेला, जिथून सातपुडा इतका जवळ दिसतो की सकाळी त्याच्यावरची झाडं वेगवेगळी ओळखू येतात. मळ्यात विहीर, विहिरीवर मोट, थोडी केळी, कांदे, वांगी, मिरच्या, आणि पलीकडे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वावर. विहिरीपासून थोडं दूर एक जुनी चिंच होती. दर वर्षी पऱ्हाटीची वेचणी सुरू झाली की इमामचाचा त्या चिंचेखाली येऊन आपलं पाल ठोकायचा. तो दरवेशी होता. अस्वल घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला दरवेशी म्हणतात, हे आता सांगावं लागतं. माझ्या नातवंडांनी तो शब्दच ऐकलेला नाही.

चाचा उंच होता, चालताना डाव्या बाजूला जरा कललेला. आयुष्यभर त्या हातात अस्वलाचा दोर धरून तसा झाला असावा. दाढीला मेंदी लावायचा. त्याची बायको हलीमाचाची ठेंगणी, अबोल, सदा हातात सुई घेतलेली. अस्वलाचे केस काळ्या कापडात शिवून ती ताईत करायची आणि लेकुरवाळ्या बाया ते घेऊन जायच्या. त्यांना एकच मूल, मेहरून. ती माझ्याच वयाची. आणि चौथी चांदबी. छातीवर पांढरी कोर होती म्हणून चांदबी.

नाना म्हणजे माझे वडील, कमी बोलणारे कास्तकार. गावात दरवेशाला मळ्यात उतरवून घेणारे तेवढे तेच. त्याचं कारण माझा धाकटा भाऊ विठू. लहानपणी तो झोपेत किंचाळून उठायचा. मग चाचाने त्याला चांदबीच्या पाठीवर बसवून अंगणात फिरवलं, चाचीने ताईत बांधला, आणि पोरगं शांत झोपायला लागलं. ताईताने झालं की वयाने, देव जाणे. मायचा मात्र पक्का विश्वास बसला. तिच्या घरात चाचीसाठी वेगळी पितळी होती, ती ओसरीवरच्या खुंटीला टांगलेली असे आणि चाची कधी ओसरीच्या आत आली नाही. हेही खरं. पण दोघींच्या गप्पा संपत नसत. एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, मध्ये मिरच्यांची देठं खुडायची टोपली.

चाचा पहिल्या दिवशी दारात आला की ठरलेलं बोलणं व्हायचं. चांदबीला तो बाई म्हणायचा.

"भाबी, मांगच्या साली कण्या जरा जाड्या होत्या. बाई नाराज झाली होती."

"तुह्या बाईची मी काय सून लागते काय, इमामभाऊ?" माय म्हणायची, आणि त्याच वेळी गाडगं उचलून आणायची.

कण्या ताकात शिजवून, वर गुळाचा खडा टाकून ते गाडगं चांदबीपुढे ठेवलं की ती आधी वरून हुंगायची. मग खालचा ओठ लांब काढून असा आवाज करत ओढायची की विठू हसून लोळायचा. खाणं झालं की चिंचेला टेकून बसायची आणि पुढचा पंजा तोंडात धरून चोखायची. चोखताना गुणगुणायची. हा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसा सांगू? शेजारच्या घरात कुणी बारीक दळण दळतंय आणि मधली भिंत जाड आहे, असा काहीसा. मोट बंद झाली, बैल सुटले, बाया भाकरी बांधून सावलीला बसल्या की साऱ्या मळ्यात तेवढाच आवाज असे. अजूनही दुपारी पडल्या पडल्या डोळा लागता लागता तो आवाज मला येतो. सून म्हणते, आजीच्या कानात पाणी झालं.

मेहरून तिला आपा म्हणायची. म्हणजे मोठी बहीण. चांदबी पिल्लू असताना चाचीने शेळीच्या दुधात चिंधी भिजवून तिला वाढवलं. पुढच्या वर्षी मेहरून झाली आणि चाचीला दूध कमी आलं, तेव्हा त्याच शेळीचं दूध मेहरूनला पाजलं. "आमी दोघी एका शेळीच्या," मेहरून सांगायची. सांगताना चांदबीच्या मानेखाली हात घालून खाजवायची आणि ती एवढी मोठी काळी अस्वल मान वर करून डोळे मिटायची.

माझी नात शिकलेली आहे. मी हे सांगायला लागले की ती म्हणते, "आजी, पण तिच्या नाकात भोक पाडलं होतं ना? दात काढले होते ना?" हो. नाकात पितळेची कडी होती, कडीला दोर होता, आणि पुढचे सुळे लहानपणीच काढलेले होते. नाचताना दोराला हिसका बसला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा मला ते बैलाच्या वेसणीसारखं वाटलं. आज तसं वाटत नाही. पण नातीला मी हे कसं समजावू, की ज्या माणसाच्या हातात तो दोर होता, तो माणूस स्वतः भाकर खायच्या आधी तिच्या नाकाला तेल-हळद लावायचा. दोन्ही एकाच माणसाचे हात होते.

खेळ गावात व्हायचा, मारुतीच्या पारापुढे. डमरू वाजला की चांदबी मागच्या पायांवर उभी राहायची, पंजा कपाळाला लावून सलाम करायची, सासरी निघालेल्या नवरीसारखी मुरडत चालायची. मला खेळापेक्षा मळ्यातली चांदबी आवडायची, आणि तिच्यापेक्षाही मेहरून. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा भाजून राखेतून वेचून खायचो. ती सांगायची, वरवट बकालला कुठल्या वाड्यातली बाई गूळ देते, नांदुऱ्याला आगगाडीची शिट्टी ऐकून आपा कशी खाली बसते, पावसाळ्यात सारे दरवेशी रोहिणखेडला जमतात तेव्हा तिथल्या जुन्या मशिदीच्या दगडी भिंतीला हात लावला तर उन्हातही कशी गार लागते. मी सोनाळ्याच्या बाजारापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं.

"तू तं किती फिरतं व, मेहरून," मी एकदा म्हटलं.

"तुले तं घर हाय," ती म्हणाली. "मले सांग, पावसात तुमच्या घरात कसा आवाज येते?"

कौलांवरच्या पावसाचा आवाज मी तिला करून दाखवला. ती मन लावून ऐकत होती. मला तिचे रस्ते हवे होते, तिला माझी कौलं.

होळी यायच्या आत ते निघून जायचे. चाचा त्याचं कारण उघड सांगायचा. होळीच्या पुढे डोंगरात मोहाची फुलं गळायला लागतात आणि तो गोड, जरा आंबूस वास वाऱ्यावर खाली येतो. "तो वास आला का बाई माही राहत नाई," तो म्हणायचा. म्हणून मोह गळायच्या आत दरवेशाने डोंगराकडे पाठ फिरवून दक्षिणेला लागायचं.

त्या वर्षी चाचीला हिवताप आला. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, घोंगड्यांवर घोंगडी टाकली तरी दात वाजायचे. नाना तिच्यासाठी सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या घेऊन आले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, दवाखाने थोडे, आणि आमच्यासाठी सगळेच लांब. माय काढा करून द्यायची. असं करता करता होळी जळाली, धुळवड झाली, आणि ते मळ्यातच राहिले. मी मनातून खूश होते. मेहरून आधी कधी एवढी राहिली नव्हती.

मग एका पहाटे वारा फिरला आणि वास आला. चांदबीने खाणं सोडलं. गाडगं पुढे ठेवलं तरी तोंड उत्तरेकडे. दिवसभर खुट्याभोवती फिरून फिरून तिने चिंचेखाली गोल पायवाट पाडली. पंजा चोखेना, गुणगुणेना. चाचा तिच्याजवळ बसून बोलत राहायचा, "बाई, दोन दिस. हलीमा उठली का निघतोच." त्यातच कांद्याच्या वाफ्याचा बांध फुटला आणि पाणी चिंचेखाली आलं. जमीन भिजून लोण्यासारखी झाली. सकाळी आम्ही भाकरी घेऊन मळ्यात गेलो तर खुट्याच्या जागी फक्त भोक होतं, आणि तिथून ओढत गेलेल्या दोराची रेघ, बांधावरून, नाल्यातून, सरळ डोंगराकडे.

चाचा गेला, नाना गेले, गावातले चार जण गेले. डोंगर सरकारचा, राखीव जंगलाचा. नाकेदाराने अडवलं, मग चाचाचं तोंड बघून सोडलं. तिसऱ्या दिवशी चाचा एकटा परत आला तेव्हा त्याच्या हातात दोर होता. एका करवंदीच्या जाळीत अडकलेला सापडला. दोराच्या टोकाला पितळेची कडी होती आणि कडीला वाळलेलं रक्त. ती अडकली होती. ओढून ओढून नाक फाडून सुटली होती.

मेहरून रडली नाही. तिने कडी हातात घेतली, विहिरीवर नेली आणि पाण्याने धुतली. धुऊन झाल्यावरही धूतच राहिली.

अस्वलाशिवाय दरवेशाने जायचं कुठे? नाना चाचाला म्हणाले, "राह्य इथंच. वावराची राखन कर. डुकरं लय झाली." असा इमामचाचा आमच्या मळ्याचा राखणदार झाला आणि चिंचेखालच्या पालाच्या जागी तुराट्यांचं खोपडं उभं राहिलं. मेहरूनला भिंती मिळाल्या. पावसात ती माझ्या घरी ओसरीवर येऊन बसायची, मान वर करून कौलं ऐकायची. "तू दाखोला होता तसाच हाय," म्हणाली.

माझ्या लहानपणातलं ते सगळ्यात भरलेलं वर्ष. आम्ही एकत्र पऱ्हाटी निंदली, आंबाडीची भाजी खुडली, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली. नागपंचमीला झोका बांधला तेव्हा माय स्वतः म्हणाली, "मेहरूनलेही बसू द्या." पण रोज संध्याकाळ झाली, गुरं घरी आली, चुली पेटल्या, की चाचा डमरू घेऊन डोंगराच्या पायथ्याशी जायचा. तिथे एका उंच खडकावर बसून वाजवायचा. गावात खेळाला वाजवायचा तसा नाही. थोडं वाजवायचा, थांबायचा, ऐकायचा, पुन्हा वाजवायचा. आम्ही दोघी मळ्यातून ते ऐकत असू. डमरू थांबला की मेहरून श्वास धरून राहायची. मी तिच्या तोंडाकडे बघायची. डमरू पुन्हा सुरू झाला की ती श्वास सोडायची, कारण पुन्हा सुरू झाला म्हणजे आपा आली नाही.

खरं सांगते, चांदबी परत यावी असं मला वाटत नव्हतं. ती आली असती तर हे गेले असते.

पावसाळा सरला आणि चाचाने जाणं बंद केलं. डमरू खोपड्याच्या आढ्याला टांगला. हिवाळ्यात कापूस घरात आला, तुरी झाल्या, माय सवयीने कण्यांचं गाडगं काढू लागली आणि मध्येच थांबली. मग ते गाडगं तिने चाचीला दिलं, "तुमीच खा यंदा." चाचीने घेतलं. त्या कण्या त्यांच्याकडे शिजल्या की नाही, मला माहीत नाही.

पुन्हा मोह गळायला लागला. बाजारात मोहफुलं विकायला येणारी एक कोरकू म्हातारी होती, डोंगरातल्या पाड्यावरची. तिने मायला सांगितलं की वरच्या मोहाखाली एक अस्वल येते, तिचं नाक फाटलेलं आहे, आणि ती माणसाला पाहून पळत नाही, उभी राहून बघते. हे सांगताना बाजारात चार कान होते. दोनच दिवसांनी गावचा एक गुराखी मोह वेचायला गेला आणि अस्वलाने त्याला धरलं. जीव वाचला, पण गालापासून हनुवटीपर्यंत चेहरा उकलला. त्याला बंडीत घालून खाली आणलं तेव्हा सारं गाव वेशीत उभं होतं. मी मायच्या पदराआडून पाहिलं. त्याची बायको बंडीच्या मागे चालत होती.

गावात बंदूक एकाकडेच होती. मोठे जमीनदार, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. चावडीपुढे लोक जमले. रानातली अस्वल माणसाचा वास आला की बाजूला होते, ही होत नाही, म्हणजे ही दरवेशाचीच, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चाचाला बोलावून घेतलं.

"इमाम, तुही अस्वल हाय. तू जाय अन् बांधून आन. नाई आनली तं मले जावं लागंन. उद्या कोनाचं लेकरू सापडलं तं?"

"हाव मालक," चाचा म्हणाला. "आन्तो."

त्याने आढ्यावरचा डमरू काढला, नवा दोर वळला, ती धुतलेली पितळेची कडी कमरेला बांधली. निघताना मेहरून म्हणाली, "अब्बा, मी येतो संगं. आपा माहं ऐकते."

"तू इथंच थांब. अम्मीजवय."

तो गेला त्या दिवशी मेहरून आमच्याकडे आली नाही. दुसऱ्या दिवशी मीच मळ्यात गेले. ती खोपड्याच्या दारात बसून डोंगराकडे बघत होती. मी शेजारी बसले. मग ती म्हणाली, "अब्बानं तिले आनलं तं आमी जाऊ. नाई आनलं तं आपा मरंन. तू सांग, मी काय मागू?"

मी पण तिच्यासोबत डोंगराकडे बघत राहिले.

चाचा त्याच्या पुढच्या दिवशी भर दुपारी उतरला. मळ्याकडे न वळता सरळ गावात गेला. लोक पुन्हा जमले. त्याच्या हातात काही नव्हतं. डमरू झोळीत होता. तो चावडीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "चांदबी मेली, मालक. दरीत पडली. मी पुरली तिले." आणि रडायला लागला. म्हातारा माणूस सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडतो आहे हे बघून कुणी जास्त विचारलं नाही. भाऊसाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेले आणि बंदूक पुन्हा भिंतीला टांगली गेली. गुराख्याला धरणारी ती की दुसरी, हा प्रश्न तिथेच मिटला.

संध्याकाळी चाचा आमच्या ओसरीवर आला. नाना, माय, मी, आणि मला बिलगलेली मेहरून, एवढेच होतो. माय म्हणाली, "वाईट झालं, इमामभाऊ." चाचाने मान हलवली. मग बाहेर कुणी नाही हे बघून हळू आवाजात म्हणाला, "भाबी, तुमच्या घरचं अन्न खाल्लं मी. इथं खोटं बोलवत नाई. ते जिती हाय."

मग त्याने सांगितलं. कोरकू म्हातारीने दाखवलेल्या मोहाखाली तो दुसऱ्या दिवशी सकाळी बसला आणि डमरू वाजवला. थोड्या वेळाने झुडपं हलली आणि ती आली. अंगाने भरलेली, केस चमकणारे. नाकाचा एक भाग नाही. आणि पाठीवर पिल्लू. केसांत नखं रुतवून घट्ट बसलेलं, मुठीएवढं डोकं वर काढून बघत होतं.

"मले पाह्यलं तिनं," चाचा म्हणाला. "माहा हात डमरूवर होता, तो सवयीनं वाजतच राह्यला. अन् ते उभी झाली. दोन पायावर. पिल्लू पाठीवरून खाली घसरलं, तं तिनं तिकडं पाह्यलं नाई. पंजा कपायाले लावला. सलाम केला मले. मंग नाचाले लागली. पिल्लू खाली केकाटून राह्यलं, अन् हे नाचून राह्यली."

मायने तोंडाला पदर लावला होता.

"मी डमरू बंद केला. बंद केल्यावरही थोडा वेळ नाचतच होती. मंग खाली झाली, पिल्लू हुंगलं. पिल्लू पाठीवर चढलं. मी उठलो अन् पाठ केली. लय वेळ मांगून येत होती ते. मी नाई पाह्यलं मांगं."

नाना म्हणाले, "त्या गुराख्याले तिनंच धरलं असंन काय?"

"असंन, नानाजी. पाठीवर लेकरू असन तं कोनतीही माय धावंन. नसंनही. मले नाई मालूम." मग तो म्हणाला, "आमी जातो आता."

माय म्हणाली, "काऊन? राह्य की. चाकरी हाय, खोपडं हाय. पोरीले इथं गमते."

"भाबी, तिले माहा वास मालूम हाय. एक डाव मांगं आली, आता रोज खाली पाहीन. मी इथं राह्यलो तं ते उतरंन. गावात येऊन उभी राहीन सलाम कराले. अन् मी तं चावडीत चांदबी मेली म्हनून सांग्तलं."

मेहरूनचा हात माझ्या हातात होता. तो तिने सोडवून घेतला नाही, पण त्यातलं बळ गेलं.

ते निघाले ती सकाळ मला स्वच्छ आठवते. मायने भाकरी, ठेचा, गूळ बांधून दिला. चाचीची पितळी तिने खुंटीवरून काढली आणि चाचीच्या हातात दिली. चाची उंबऱ्याबाहेर, माय आत. मग माय उंबरा ओलांडून बाहेर आली आणि चाचीच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मी मायला कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी मेहरूनबरोबर वेशीपर्यंत गेले. दरवेशी गावातून निघाला की कुत्री अस्वलाच्या वासाने वेडी होत, ओरडत वेशीपार धावत, पोरं मागे पळत. त्या दिवशी कुत्री राखेत पडून राहिली. कुणी दारात आलं नाही. तीन माणसं गाठोडी घेऊन मजुरीला निघाल्यासारखी निघाली. वेशीत मेहरून थांबली. मी म्हटलं, "पुढच्या साली येशीन?" ती म्हणाली, "अस्वल नाई तं कायले येतील आमचे लोक?" मग तिने वळून माझ्याकडे न बघता डोंगराकडे बघितलं, नीट, सावकाश. आणि चालायला लागली.

पुढे माझं लग्न झालं, वरवट बकालला. सोनाळ्याहून फार लांब नाही, पण सासर ते सासर. लेकरं झाली, माय गेली, नाना गेले. विठूने मळा चालवला. दरवेशी अधूनमधून येत. प्रत्येकाला मी विचारायची, इमामची काही खबर? कुणी म्हणे मलकापूरला कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात लागला, कुणी म्हणे वारला. मेहरूनचं कुणाला माहीत नसे. दरवेशी आपल्या बायकांचं परक्या घरी बोलत नाहीत.

एकदा दुपारच्या वेळी एक तरुण दरवेशी आमच्या दारात आला. बरोबर दुबळीशी अस्वल. माझा मोठा मुलगा तेव्हा लहान होता, तो पाठीवर बसायचा हट्ट करत होता. मी दाणे आणले. सहज विचारलं, "कोनत्या बाजूनं आले?"

"सोनाळ्यावरून, बाई."

सोनाळ्याहून आदल्याच दिवशी विठू येऊन गेला होता. विठूला आता नातवंडं आहेत, पण आजही दरवेशाचं नाव काढलं तर त्याचे डोळे चमकतात. तो आला तेव्हा खेळाचं काहीच बोलला नव्हता. मी म्हटलं, "माहेर हाय माहं. भाऊ काल इथं होता, त्यानं तं सांग्तलं नाई खेळ झाला म्हून."

"खेळ नाई केला. तिकडं आमी डमरू वाजवत नाई. झोयीत ठेवतो अन् मुकाट्यानं पार होतो. पार वरवटाच्या शिवंत आल्यावर काहाडतो."

"काऊन?"

"काऊन ते नाई मालूम. रोहिनखेडले आमची एक बाई हाय, मेहरूनबी. पावसाया सरून आमी निघालो का येते अन् एकेकाले सांगते, सोनाळ्याच्या डोंगराखाली डमरू वाजवू नका. हात धरून कबूल करून घेते. कोनी इचारलं तं सांगत नाई. पन ऐकतात सारे तिचं."

मी दाणे त्याच्या झोळीत टाकले. पोराला कडेवर घेतलं. आत येऊन चुलीपुढे बसले, आणि भाकर करपली तरी उठले नाही. डमरू ऐकून पिल्लू विसरून उभी राहणारी चांदबी डोळ्यांपुढे होती. मेहरूनकडून आयुष्यात मला मिळालेला निरोप तेवढाच, आणि तोही माझ्यासाठी नव्हता.